शिंप्याची भेंडी

२ मार्च

ही वही मापांची आहे. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या नि कमरा आहेत, मी मागून सुरुवात करतोय. हिचा हुकूमच आहे तसा. "रोज काय केलंत ते लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा मलाच विचारत बसाल." काय केलंत म्हणजे भेंडीचं काय केलंत.

झालं असं, परवा मागच्या दाराशी पायरी चुकून ही पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. चाळीस वर्षं तीच पायरी, त्याच जागी. फरशी ओली असणार. सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे सहा आठवडे स्वयंपाक माझ्याकडे, दुकान माझ्याकडे आणि आता मागच्या अंगणातली भेंडीही माझ्याकडे.

ही भेंडी म्हणजे बाजारातली लांब, हिरवीगार, एकसारखी भेंडी नव्हे. हिच्या आईची भेंडी. बुटकी, जाड, आठ धारांची, देठाजवळ लालसर झाक आणि अंगावर अशी लव, की तोडणाऱ्याचे हात तासभर खाजतात. दरवर्षी एक भेंडी झाडावरच जून होऊ द्यायची, वाळली की तिच्या बिया पुढच्या वर्षी लावायच्या. हिची आई तसंच करायची, ही तसंच करते. गेल्या वर्षी मात्र बियाणं धरलंच नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहून गेलं."

आता बाटलीत त्याच्या आधीच्या वर्षीच्या अकरा बिया आहेत. यंदा धरलं नाही तर संपलं. हिच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही, दुसरीकडे ही भेंडी कुठेही नाही. ही बाटली हलवून म्हणाली, "अकरा बिया आणि एक नवरा. सगळेच जुने. बघू काय उगवतंय ते."

६ मार्च

बिया रात्रभर भिजवल्या होत्या. आज पेरल्या. टेप लावून एकेक फुटावर खुणा केल्या. ही दारात खुर्चीवर बसून सूचना सोडत होती.

"किती खोल घातलीत?"

"पाऊण इंच."

"इंच नका सांगू मला. बोटाचं पहिलं पेर. ओळ सरळ आहे ना?"

"चार हातांवर बसलीयस, बघ की."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय," म्हणाली. महाराणीच झालीय नुसती. पण खरं सांगायचं तर मला आवडलं. दुकानात आम्ही दिवसभर जवळजवळ बसतो, पण मशीनच्या आवाजात बोलणं होतं ते एवढंच, की कात्री द्या आणि बटणं कुठायत.

१५ मार्च

सहा उगवल्या! मी आतून ओरडतच बाहेर आलो. बाहेरूनच आत गेलो म्हणायला हवं, घाईत काय लिहितोय कळत नाही. ही हसली आणि डाव्या हाताने चहा ओतायला लागली. कप भरून बशीत, बशी भरून ओट्यावर. "डावा हात आहे हो," म्हणाली. पुसून घेतलं.

२१ मार्च

सहाच्या चार झाल्या. एक गोगलगाईने खाल्ली. दुसरीवर टेपचा डबा पडला, माझ्या हातून. दुसरीबद्दलही मी गोगलगाईचंच नाव घेतलं.

३० मार्च

चाराच्या तीन. पाणी जास्त झालं म्हणे. तहान लागली असेल म्हणून मायेने घालत होतो. "माया पुरे झाली," ही म्हणाली, "बोट खुपसून बघा, ओलं लागलं तर गप्प घरात या."

१३ एप्रिल

प्लास्टर निघालं. मला वाटलं सुटलो. सकाळी दुकानात सुयांची उशी हिच्यापुढे ठेवली. आमच्या लग्नापासूनची रीत आहे, सकाळी ही दहा सुया ओवून ठेवते, मग दिवसभर मला बघावं लागत नाही. आज उशी तशीच पडून. संध्याकाळी विचारलं तर म्हणे, "आजकाल सुयांना भोकंच बारीक पाडतात." ते मात्र खरं आहे. मलाही तसंच वाटतं.

हाताला अजून शक्ती नाही असं दिसतं. हिची तुरपाई वाकडी येतेय. म्हणजे तशी ती वर्षभर येतेच आहे, कंटाळली असेल बिचारी. हेडमास्तरांच्या पँटची खालची घडी तर अशी आली होती की मास्तर म्हणाले, "एक पाय शाळेत चाललाय, दुसरा घरी." मी गुपचूप उसवून परत घालतो. हिला बोललो नाही. पन्नास हजार पायांच्या घड्या घातलेल्या बाईला काय बोलणार?

२२ एप्रिल

पहिलं फूल. ही म्हणाली, "कसं आहे सांगा."

"फुलासारखं आहे."

"नीट सांगा हो."

मग मी उकिडवा बसून नीट पाहिलं. चाळीस वर्षं ती भेंडी खातोय, फूल आजच पाहिलं म्हणायला हरकत नाही. फिकट पिवळं, नव्या अस्तराच्या कापडासारखं तलम, आणि पोटात गडद किरमिजी डाग. पाकळ्या एकीवर एक चढवलेल्या, चुण्या घातल्यासारख्या. सगळं सांगितलं. ही डोळे मिटून ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "आईच्या दारात अगदी असंच असायचं."

२४ एप्रिल

नवीन भानगड. भिंतीपलीकडे बँकेतल्या बाईंनी बाजारातलं बियाणं लावलंय. मधमाशी इकडून तिकडे गेली की आमच्या भेंडीत त्यांची भेंडी मिसळणार, मग ती हिच्या आईची राहत नाही. पूर्वी काय करायचीस विचारलं तर म्हणे, "पूर्वी बाईंना कुठे बागेची हौस होती?"

मी म्हटलं, हात्तिच्या! कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिला पिशवी घालू, फूल गळून पडलं की काढू. आतल्या आत धरेल. कळीचं माप घेतलं. मलमलीच्या पिशव्या, चार इंच लांब, अडीच रुंद, वर ओढायची नाडी. सहा शिवल्या. ही हसून हसून खोकली. "कळीला अंगरखा!" पण पिशवी हातात घेऊन शिवण बोटाने चाचपत राहिली आणि म्हणाली, "टाके छान आलेत." कौतुक करते कधी कधी.

सगळ्यात चांगल्या झाडावरच्या पहिल्या चांगल्या फुलाला पिशवी घातली. त्याचीच भेंडी बियाण्याला. एका भेंडीत चाळीसेक बिया असतात, एक पुरते. पिशवी काढली की ओळखायला लाल दोरा बांधायचा. "दोरा मी बांधणार," ही म्हणाली, "तेवढं तरी मला ठेवा."

१ मे

सकाळी पहिला भरघोस तोडा. नऊ भेंड्या! पिशवी दोरीवर वाळत होती, म्हणजे फूल गळलं म्हणून हिने काढली असणार. दोरा मात्र बांधायचा राहिलेला. म्हटलं हिला ही पसंत पडली नसावी, पुढच्या फुलाला पिशवी घालून त्या भेंडीला बांधेल, ही तर ऐन कोवळी आहे. तोडली. त्याच झाडाला एका पानाच्या देठावर लाल दोरा लोंबत होता. माझ्याच अंगावरचा, दुसरं काय. या लवेला दोरे असे चिकटतात की विचारू नका. गळ्यातल्या कात्रीने टचकन कापला. लोंबता दोरा मला बघवत नाही, हाताची खोडच आहे ती.

भाजीही आज जमली. आधी दोनदा बाजारच्या भेंडीचा बुळबुळीत गोंद झाला होता, कारण मी चिरून मग धूत होतो. आधी धुवायची, कापडाने एकेक कोरडी पुसायची, मग चिरायची. लसूण तेलात लाल झाला की भेंडी, झाकण अजिबात नाही, मीठ शेवटी, आणि उतरवताना लिंबू. तुकडे अर्ध्या अर्ध्या इंचाचे.

ही दोन घास खाऊन म्हणाली, "अहो, काय झालीय भाजी! माझ्यापेक्षा चांगली." मी फुगलो. मग म्हणाली, "आणि बरं का, काल मी बियाण्याच्या भेंडीला दोरा बांधून टाकला. तुम्ही मास्तरांचं माप घेत होतात, म्हणून हाक नाही मारली."

बियाण्याची भेंडी हिच्या ताटात होती. बरीचशी माझ्या पोटात.

२ मे

आज शांतपणे विचार केला. दोरा भेंडीवरून घसरून पानावर आला असणार. हिची गाठ कधी सुटत नाही, पण मनगट अजून कच्चं आहे. कसाही असो, कापला मीच. खाल्लीही मीच. चोरी करून वर लिंबू पिळलं.

सांगायला हवं. आज नाही सांगितलं.

५ मे

ही रोज दुपारी त्या झाडाशी जाऊन उभी राहते. मी खिडकीतून बघतो. आज परत आली आणि म्हणाली, "छान वाळायला लागलीय हो."

काय वाळायला लागलीय? तिथे नुसतं देठाचं खुंट आहे!

मला वाटलं, कळलंय हिला, टोमणा मारतेय. पण चेहऱ्यावर टोमणा नव्हता. समाधान होतं. मी म्हटलं, "हो, मीही पाहिली." माझ्यासारखा पाजी माणूस जगात नसेल.

८ मे

आता वेगळीच काळजी लागलीय. नसलेली भेंडी हिला दिसते. काल गल्लीत समोरून येणारी आमची लेक हिला ओळखूच आली नाही, तिने "आई" म्हटल्यावर मग "अगंबाई, तू!" डोकं तर नाही ना चाललं हिचं? या वयात विसरायला लागतात माणसं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी परीक्षा घ्यायची ठरवली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपलं लग्न कोणत्या वारी झालं गं?"

"मंगळवारी. कोट तुम्हीच शिवला होतात आणि त्याची एक बाही दुसरीपेक्षा पाऊण इंच लांब होती. सगळ्या फोटोंत तो हात मागे लपवलाय तुम्ही. अजून काही?"

"नाही, सहजच."

"घरात मीठ संपलंय, ते मला आठवतंय. तुम्हाला आठवतंय का?"

डोकं शाबूत आहे. माझंच जायची वेळ आलीय.

१७ मे

दोन झाडांची पानं पिवळी पडली, शीर न् शीर पिवळी. रोग आहे, उपटून लांब टाकावी लागली, मी गुपचूप पिशव्या घातलेल्या कळ्यांसकट. राहिलं एकच झाड, आणि तेही थकल्यासारखं दिसतंय. शेंड्याला एक कळी आहे. एकच. तिला पिशवी घातली. हात जोडले कळीला, खोटं कशाला लिहू.

२६ मे

धरली! फूल गळलं, आत बोटाच्या पेराएवढी भेंडी आहे. लाल दोरा बांधला, तीन गाठी मारून. भेंडीलाच बांधलाय ना ते चष्मा लावून दोनदा पाहिलं. हिला सांगितलं नाही, कारण हिच्या हिशेबी पहिली वाळतेच आहे. रोज बघून येते आणि सांगते, आज थोडी तपकिरी दिसली, आज धारा कोरड्या झाल्या. मी हो हो म्हणतो. दोन खोटारडे एका झाडापाशी... पण ही कशाला खोटं बोलेल? खोटारडा मी एकटाच.

९ जून

सांगितलं. सुटलो.

ही सकाळी म्हणाली, "आता आठवड्याभरात काढू या भेंडी." मग लपायला जागाच उरली नाही. हाताला धरून झाडापाशी नेलं आणि एका दमात बोलून टाकलं. "ती भेंडी नाहीच. पहिल्या तोड्याच्या भाजीत गेली. दोरा मी कापला. पानाच्या देठाला लोंबत होता, मला वाटलं माझ्याच अंगावरचा. तू शिव्या दे, काय वाटेल ते कर. शेंड्याला दुसरी धरलीय, तिला जिवापाड जपतोय."

शिव्यांची वाट बघत उभा होतो. ही म्हणाली, "कशाच्या देठाला?"

"पानाच्या."

"पानाच्या देठाला बांधला मी?" आणि मटकन पायरीवर बसली. मला वाटलं आता रडणार, तर हसायला लागली. मग रडायलाही लागली. दोन्ही एकदमच चालू.

"मला दिसत नाही हो," म्हणाली. "सगळं धुकं आहे. वर्ष होऊन गेलं."

मी विचारलं, "आणि रोज सांगायचीस ते? तपकिरी झाली, धारा कोरड्या झाल्या?"

"आईची कशी वाळायची ते आठवून सांगत होते. तुम्ही हो म्हणायचात, मग वाटायचं, बरोबरच असेल."

गेल्या वर्षी बियाणं राहून गेलं नव्हतं. पानांमध्ये हिला भेंडी सापडलीच नव्हती. पायरी चुकली ती फरशी ओली होती म्हणून नव्हे. "मनगट मोडलं तेव्हा बरंच वाटलं मला," म्हणाली. "निमित्त मिळालं. म्हटलं हातात काही नाही तोवर तुम्हाला लावायला शिकवून ठेवावी, रांधायला शिकवून ठेवावी. माझ्यानंतर, म्हणजे माझे डोळे गेल्यानंतर, आईची भेंडी तरी राहील."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुरपाईला दुसरी बाई आणली असतीत. मग मी दुकानात काय करू, बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला या बसा म्हणू? तुम्ही माझी शिवण उसवून परत घालता ते मला माहीत होतं. गिऱ्हाइकं कुरकुर करायची थांबली तेव्हाच समजले."

मी भांडलो. खूप भांडलो, आवाज चढवून, बँकेतल्या बाई भिंतीवरून डोकावल्यासुद्धा. माणूस दारात उभा राहिला की त्याची छाती किती इंच हे मी सांगतो, आणि जिच्या शेजारी चाळीस वर्षं बसलो तिला दिसत नाही हे मला कळलं नाही. सगळं समोर होतं. चहा, सुया, पायरी. मी वहीतसुद्धा लिहून ठेवलंय, आत्ता मागची पानं उलटून वाचलं. वाचताना लाज वाटली.

१३ जून

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. बाई म्हणाल्या, निघतो, दिसेल, इतके दिवस काय करत होतात? हिला वाटत होतं डोळे जाणारच, कारण हिच्या आईचे गेले होते. त्या काळी कोणी दाखवलंच नव्हतं.

उजवा डोळा आधी. तारीख सत्तावीस जूनची, ती गेली तर थेट सप्टेंबर. हॉस्पिटल लेकीच्या घराजवळ आहे, तपासणीसाठी आठवडाभर तिच्याकडे राहावं लागणार. ही लगेच म्हणाली, "सप्टेंबरच द्या. भेंडी ऐन या जूनअखेरीलाच वाळेल, घरी कोणी हवं."

मी म्हटलं, "भेंडी गेली उडत."

"आईची आहे ती."

"तू माझी आहेस."

निघून गेलं तोंडातून. डॉक्टरीणबाई कागदात बघायला लागल्या. असलं काही आमच्यात बोलायची पद्धत नाही. घरी येईपर्यंत हिने रस्ताभर माझा हात सोडला नाही.

२६ जून

उद्या सकाळी निघायचं. भेंडी निम्मी तपकिरी, टोकाशी अजून हिरवी. काढावी तर कच्ची, बिया उगवायच्या नाहीत. तशीच ठेवून चाललो. ही झाडाजवळ गेली, चाचपून दोरा शोधला, भेंडीला हात लावला आणि म्हणाली, "आता तुझं तू बघ."

४ जुलै

आज घरी आलो. ऑपरेशन नीट झालं. हिच्या डोळ्यावर काळा चष्मा आहे. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, थेंब दिवसातून चारदा. आठवडाभर माझ्या डोक्यात थेंबांच्या वेळांशिवाय काही नव्हतं. जाताना भेंडीला पिशवी बांधून ठेवायचं मला, शिंप्याला, सुचलंच नाही!

सामान दारात टाकून मागे धावलो. देठाला लाल दोरा होता, भेंडी नव्हती. खाली नुसती सालं, धारांवर उकलून कुरतडलेली. खारीचं काम. वाळून फुटली असणार, तिने ओढून खाल्ली. मी खाली बसलो. माती काळपट, बिया काळपट, चष्मा पुसून पुसून पाहिलं, मला एक बी दिसेना. एवढी वर्षं जपलेली, हिच्या आईच्या हातची, आणि माझ्या हातून गेली. हिला काय सांगू म्हणून तसाच बसून राहिलो.

मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ही येऊन बसली, ताठ, डॉक्टरांनी सांगितल्यासारखी. मी म्हटलं, "गेली गं. खारीने खाल्ली सगळी."

हिने काळा चष्मा काढला, डोळे किलकिले केले. चष्मा काढायचा नसतो म्हणून मी ओरडणार, तेवढ्यात म्हणाली,

"ती बघा."

"कुठे?"

"तुमच्या अंगठ्याशी. उजव्या. अहो, उजव्या म्हटलं!"

अंगठ्याशी चाचपलं. बी! करडी, गोल, टणक.

"आता पुढे. विटेच्या कडेला दोन आहेत. इकडे नाही, तिकडे. किती हळू हो तुम्ही!"

मी गुडघ्यांवर रांगत होतो, ही खुर्चीवरून सांगत होती. सालाच्या आत चिकटलेल्या चार. पानाखाली तीन. मला मातीशिवाय काही दिसत नव्हतं, आणि हिला पाच हातांवरून एकेक बी दिसत होती. मध्येच मान वर करून बघितलं तर हिचे डोळे पाण्याने भरले होते. "डोळ्याला त्रास होतोय का?" विचारलं.

"काही त्रास नाही. तुमच्या सदऱ्याच्या बाहीचं बटण निराळ्याच दोऱ्याने शिवलंय. चला, वेचा."

तेवीस झाल्या. कंबर मोडली. मी म्हटलं, "बास आता, संपल्या," आणि उठायला लागलो.

"उठू नका!" ही ओरडली. "अजून एक आहे. तुमच्या डाव्या गुडघ्याखाली."

गुडघा उचलला. होती.